दामाजीपंतांचे कोठार आणि माओंचा हिशेब

डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांच्यामुळे सोलापूरकरांचे माओ त्सेतुंग यांच्याशी एक विचित्र, जवळजवळ घरगुती म्हणावे असे नाते जुळलेले आहे. १० ऑक्टोबर १९१० रोजी या शहरात जन्मलेला आणि मुंबईत वैद्यकीचे शिक्षण घेऊन जपानशी लढणाऱ्या चिनी सैन्याच्या मदतीला गेलेला हा तरुण डॉक्टर ९ डिसेंबर १९४२ रोजी उत्तर चीनमधल्या एका खेड्यात, वयाच्या अवघ्या बत्तिसाव्या वर्षी, अपस्माराच्या झटक्याने गेला. सैन्याने मदतीचा हात गमावला आणि राष्ट्राने एक मित्र गमावला, अशा आशयाचा जो शोकसंदेश माओंनी तेव्हा लिहिला, तो सोलापुरात वाढलेल्या माणसाने कोटणीसांच्या जयंतीला किंवा पुण्यतिथीला कधी ना कधी ऐकलेला असतो. भैय्या चौकातले कोटणीसांचे घर आता स्मारक झाले आहे. चीनचे मोठे नेते भारतात आले की कोटणीस कुटुंबीयांची आठवण काढतात, त्याची बातमी आपण कौतुकाने वाचतो, आणि तेवढ्यापुरते माओ हे आपल्या घरचे माणूस गेल्यावर चार शब्द लिहून कळवणारे सभ्य गृहस्थ वाटू लागतात.

याच गृहस्थांच्या सत्ताकाळात, १९५९ ते १९६१ या तीन वर्षांत, चीनमध्ये जो दुष्काळ पडला त्यातल्या बळींचे अभ्यासकांनी केलेले अंदाज १.५ कोटीपासून ४.५ कोटींपर्यंत जातात. २०११ च्या जनगणनेप्रमाणे सोलापूर जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे ४३ लाख आहे. म्हणजे सर्वांत कमी अंदाज धरला तरी असे साडेतीन जिल्हे शेवटच्या माणसापर्यंत रिकामे झाले असे म्हणावे लागेल. शोकसंदेश लिहिणारा हात आणि धान्यवसुलीच्या धोरणावर सही करणारा हात एकच आहे, ही गोष्ट आपल्या सार्वजनिक चर्चेत सहसा एका वाक्यात येत नाही. कोटणीसांच्या कार्यक्रमात दुष्काळाचा उल्लेख अप्रशस्त वाटतो, आणि १९६२ च्या युद्धावर बोलताना कोटणीसांचा. मला वाटते, या दोन्ही गोष्टी एकत्र बोलण्याची सोय, किंबहुना जबाबदारी, ज्या थोड्या गावांवर आहे त्यांत सोलापूर येते.

माओंच्या मूल्यमापनाचा एक तयार तोडगा खुद्द चीनमध्येच निघालेला आहे. ९ सप्टेंबर १९७६ रोजी माओ वारले. त्यानंतर पाच वर्षांनी, जून १९८१ मध्ये, चिनी कम्युनिस्ट पक्षाने एक ठराव करून सांस्कृतिक क्रांतीला, म्हणजे माओंनी १९६६ पासून पक्षातल्याच विरोधकांवर उठवलेल्या मोहिमेला, घोर चूक ठरवले, परंतु माओंचे योगदान प्रथम आणि चुका दुय्यम असा निर्वाळाही दिला. लोकांच्या तोंडी तो निर्वाळा ‘सत्तर टक्के बरोबर, तीस टक्के चूक’ असा रुळला. गंमत अशी की हे प्रमाण माओंनी स्वतः स्तालिनसाठी वापरलेले होते, तेव्हा त्यांच्या वाट्याला त्यांचेच माप आले असे म्हणता येईल. आपल्याकडच्या डाव्या मित्रांशी बोलताना हे सत्तर-तीस हमखास निघते, आणि ते मध्यममार्गी, समंजस दिसत असल्यामुळे त्यावर कोणी फार वाद घालत नाही. मला मात्र हा हिशेबच मुळात खोटा वाटतो. चाटी गल्लीतला कोणताही जुना दिवाणजी सांगेल की जमा एका खातेदाराच्या नावावर आणि खर्ची दुसऱ्याच्या नावावर टाकून बाकी काढता येत नाही. ज्यांना जमीन मिळाली, ज्यांची मुले शाळेत गेली, ते एक. ज्यांना हनान प्रांतातल्या खेड्यात झाडाच्या साली खाऊन मरावे लागले ते दुसरे, आणि पुष्कळदा तर तेच. मेलेल्या माणसाच्या खात्यात सत्तर टक्के कसे जमा करायचे?

जमेची बाजू खोटी आहे असे मात्र मला म्हणायचे नाही. १९४९ पूर्वीचा चीन हा युद्धखोर सरदारांनी, जपानी आक्रमणाने आणि सावकारीने पिळून निघालेला देश होता, आणि तिथे सरासरी आयुर्मान चाळिशीच्याही आत होते; माओ गेले तेव्हा ते पासष्टच्या आसपास पोचलेले होते. १९५० च्या विवाह कायद्याने बालविवाह आणि स्त्रियांची खरेदी-विक्री बेकायदा ठरवली. १९६८ नंतर ‘अनवाणी डॉक्टर’ म्हणून जे शेतकरी-आरोग्यसेवक खेड्यापाड्यांत उभे राहिले, त्यांच्याकडे जगभरच्या सार्वजनिक आरोग्याच्या अभ्यासकांनी आदराने पाहिले. अमर्त्य सेन आणि ज्याँ द्रेझ यांनी तर आपल्याला झोंबणारी तुलना करून ठेवली आहे: भारतातला मृत्युदर चीनच्या पातळीवर आला असता तर जी माणसे वाचली असती त्यांची मोजदाद केली, तर चीनने त्या लाजिरवाण्या वर्षांत जितके सापळे कपाटात भरले त्याहून अधिक सापळे भारत दर आठ वर्षांनी निमूटपणे भरत होता. हे वाक्य वाचल्यावर चीनच्या दुष्काळाबद्दल छाती पुढे काढून बोलण्याचा हक्क कोणाही भारतीयाला उरत नाही. तो मलाही नको आहे. पण त्याच सेन यांनी दुसरेही सांगितले आहे: ज्या देशात वृत्तपत्रे मोकळी असतात आणि सरकारला निवडणुकीला सामोरे जावे लागते तिथे मोठा भूकबळींचा दुष्काळ पडत नाही. एकाच अभ्यासकाच्या या दोन विधानांपैकी आपल्या सोयीचे तेवढे उचलण्याची सवय आपल्या दोन्ही बाजूंना आहे.

दुष्काळ कसा पडला हे नीट पाहिल्याशिवाय माओंच्या जबाबदारीचा प्रश्न सुटत नाही. १९५८ साली ‘मोठी झेप’, म्हणजे शेती आणि पोलादाचे उत्पादन एका दमात वाढवण्याची माओंची मोहीम, सुरू झाली. शेतकऱ्यांना हजारो कुटुंबांच्या कम्यूनमध्ये, म्हणजे सामुदायिक शेतीच्या वसाहतींत, गोळा करण्यात आले, घरच्या चुली बंद करून सामुदायिक भोजनालये काढण्यात आली, आणि परसातल्या भट्ट्यांत पोलाद गाळण्याच्या नादात स्वयंपाकाची भांडी आणि शेतीची अवजारे वितळली. ऐन सुगीत माणसे भट्टीवर असल्यामुळे पीक शेतात कुजले. तरीही वर गेलेले आकडे मात्र वाढतच होते, कारण शेजारच्या कम्यूनपेक्षा कमी आकडा देणारा अधिकारी उजव्या विचारांचा ठरत असे. आधीच्याच वर्षी, १९५७ मध्ये, साडेपाच लाखांच्या आसपास सुशिक्षितांवर ‘उजवे’ असा शिक्का बसलेला असल्यामुळे त्या शब्दाचा अर्थ सर्वांना कळत होता. १९५८ चे धान्योत्पादन ३७.५ कोटी टन झाल्याचे जाहीर झाले. प्रत्यक्षात ते २० कोटी टनांच्या आसपास होते. सरकारी वसुली मात्र जाहीर आकड्यावर झाली. जे पिकलेच नव्हते ते सरकारने मागितले, आणि ते देताना शेतकऱ्याने घरातले बी-बियाणेही दिले. १९५९ मध्ये चीनने सुमारे ४२ लाख टन धान्य निर्यात केले. हनानमधल्या शिनयांग या भागात, जिथे ८० लाखांच्या लोकवस्तीतून सुमारे १० लाख माणसे मेली, तिथे सरकारी कोठारांत धान्य होते, गावाबाहेर जाणाऱ्या वाटांवर पहारे होते, आणि मदतीची याचना करणारी पत्रे टपाल कचेरीत अडवली जात होती.

कोठारात धान्य आणि दारात मेलेली माणसे, हे चित्र सोलापूर जिल्ह्यातल्या माणसाला अनोळखी नाही. आपल्याकडे त्याची कथा वारकरी परंपरेने पाच शतके सांभाळलेली आहे. मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांनी दुष्काळात बिदरच्या बादशहाची कोठारे वरून हुकूम नसताना रयतेसाठी उघडली, बादशहाने त्यांना धरून आणायला शिपाई पाठवले, आणि पंत बिदरला पोचण्याआधीच विठोबाने विठू महाराचे रूप घेऊन धान्याची किंमत खजिन्यात भरली व रीतसर पावती घेतली. चमत्कार बाजूला ठेवला तरी या कथेतली राज्यव्यवस्था विचार करण्यासारखी आहे. बादशहा लोकशाहीवादी नव्हता, दामाजीपंत निवडून आलेले नव्हते. तरीही मधल्या फळीतल्या एका कारभाऱ्याला कोठार उघडता आले, त्याच्यावरचा आरोप त्याच्या कृतीपुरताच राहिला, आणि भरपाई झाल्यावर प्रकरण मिटले. (त्या बादशहाचे नाव आज किती जणांना सांगता येईल? मंगळवेढ्याच्या कारभाऱ्याचे मात्र देऊळ आहे.) क्रांतीने उभारलेल्या राज्यात एवढी जागाही शिल्लक राहिली नाही, आणि माझ्या मते माओंवरचा मुख्य आरोप हाच आहे.

कारण तिथेही एक दामाजीपंत निघाला होता, आणि तो कोणी किरकोळ अधिकारी नव्हता. पेंग देहुआई हे चीनचे संरक्षणमंत्री होते, कोरियाच्या युद्धात चिनी सैन्याचे सेनापती होते, आणि कोटणीसांच्या काळात ते आठव्या रूट आर्मीचे, म्हणजे जपानशी लढणाऱ्या कम्युनिस्ट सेनेचे, उपसेनापती होते. याच सेनेसाठी, तिचे सरसेनापती झू दे यांच्या विनंतीवरून, काँग्रेसने सप्टेंबर १९३८ मध्ये पाच डॉक्टरांचे पथक पाठवले होते. त्यात अलाहाबादचे अटल, नागपूरचे चोळकर, कलकत्त्याचे बसू आणि मुखर्जी यांच्यासोबत सोलापूरचे कोटणीस होते. पेंग यांनी १९५८ च्या अखेरीस आपल्या मूळ हुनान प्रांतात (हा हनानहून वेगळा) फिरून परिस्थिती डोळ्यांनी पाहिली, आणि जुलै १९५९ मध्ये लुशान येथे भरलेल्या पक्षाच्या बैठकीत माओंना एक खासगी पत्र लिहिले. ते पत्र आज वाचले तर त्याच्या मवाळपणाचे आश्चर्य वाटते: यशाची दखल आधी, मग आकड्यांच्या फुगवट्याबद्दलची चिंता. माओंनी ते छापून सर्वांना वाटले, आणि २३ जुलैच्या भाषणात असे बजावले की सरकार कोसळण्याची वेळ आली तर आपण पुन्हा खेड्यांत जाऊ, शेतकऱ्यांना घेऊन बंड करू, आणि हे सैन्य मागे आले नाही तर दुसरे उभारू. पेंग यांचे मंत्रिपद गेले. लुशानला त्यांच्याविषयी जरा सौम्य बोलणाऱ्या झू दे यांनाही नंतर आत्मटीका करावी लागली.

माओंचे समर्थक इथे नेहमी म्हणतात की खालच्या अधिकाऱ्यांनी त्यांना फसवले. १९५८ पुरते ते काही अंशी खरे मानता येईल. परंतु एप्रिल १९५९ मध्ये माओंनी स्वतःच उत्पादन तुकड्यांच्या प्रमुखांना पत्र लिहून फुगवलेले आकडे देऊ नका असे बजावले होते. म्हणजे आकडे खोटे आहेत हे त्यांना ठाऊक होते, आणि उन्हाळ्यापर्यंत धोरण थोडे मागे घेण्याची हालचालही सुरू झाली होती. ती हालचाल लुशाननंतर थांबली आणि उलट दिशेने सुरू झाली, कारण आता माघार म्हणजे पेंग बरोबर होते असे कबूल करणे झाले असते. बळींची मोठी संख्या १९६० सालची आहे. अज्ञानातून झालेल्या चुकीचा आणि मान राखण्यासाठी चालू ठेवलेल्या चुकीचा हिशेब एकाच स्तंभात मांडता येत नाही. लिऊ शाओची यांनी जानेवारी १९६२ मध्ये सात हजार कार्यकर्त्यांच्या सभेत हुनानच्या शेतकऱ्यांचा हवाला देऊन सांगितले की हे संकट तीन भाग निसर्गाचे आणि सात भाग माणसाचे होते. पुढे रूढ झालेले सत्तर-तीस हे असे आधीच एकदा, उलट्या बाजूने, मांडले गेलेले होते. ते मांडणारे लिऊ त्या वेळी देशाचे अध्यक्ष होते. नोव्हेंबर १९६९ मध्ये ते काइफंग येथे नजरकैदेत, पुरेशा औषधोपचाराविना मेले.

याहून बोलका प्रसंग एका नाटकाचा आहे. मिंग काळात हाय रुई नावाचा एक सचोटीचा अधिकारी होऊन गेला, ज्याने बादशहाला तोंडावर खडसावले होते. १९५९ च्या वसंतात माओंनीच कार्यकर्त्यांना हाय रुईचा बाणा शिकायला सांगितले, म्हणून पेकिंगचे उपमहापौर आणि इतिहासकार उ हान यांनी त्याच्या बडतर्फीवर नाटक लिहिले. नोव्हेंबर १९६५ मध्ये त्या नाटकावर टीकेचा भडिमार सुरू झाला, हाय रुई म्हणजे पेंग देहुआई आणि बादशहा म्हणजे माओ असा अर्थ लावला गेला, आणि सांस्कृतिक क्रांतीचा नारळ तिथेच फुटला. उ हान तुरुंगात मेले. दामाजीपंतांवर कीर्तन करणाऱ्या बुवाला बिदरहून बोलावणे आले असते तर आपण त्या राजवटीला काय म्हटले असते, एवढाच विचार मी करतो.

आता १९७२ कडे येतो. सलग अवर्षणाने महाराष्ट्र भाजून निघाला होता आणि सर्वाधिक होरपळलेल्या जिल्ह्यांत सोलापूर होते. माझ्या आजीने त्या साली सांगोल्याच्या बाजूला रस्त्याच्या कामावर खडी फोडली; मुलांना मिळणारी सुकडी आणि मिलो या परदेशी ज्वारीच्या लालसर, घशाखाली न उतरणाऱ्या भाकरी हे तिचे शेवटपर्यंतचे बोलणे होते. मे १९७३ मध्ये राज्यभर दुष्काळी कामांवर ५० लाखांच्या आसपास माणसे होती. हा आकडा सरकारच्या दयेतून आलेला नाही. मस्टरवर नाव नाही म्हणून तहसील कचेरीवर मोर्चे निघत होते, मजुरी थकली म्हणून कामावरचे मजूर संप करत होते, मुकादम मापात खोट करतो हे वर्तमानपत्रांत छापून येत होते आणि विधानसभेत त्यावर गदारोळ होत होता. त्यातूनच पुढे रोजगार हमीचा कायदा आला. आपले पुढारी माओंपेक्षा कनवाळू होते असा दावा मी करणार नाही, आणि आपल्या अधिकाऱ्यांत पेंग यांच्या तोडीचे धैर्य होते असा तर मुळीच नाही. पण त्यांना धैर्याची गरजच पडली नाही. ‘धान्य नाही’ हे वाक्य उच्चारायला इथे बलिदान द्यावे लागत नव्हते. ते खडी फोडणारी बाई ओरडून सांगू शकत होती आणि कलेक्टरला, कंटाळून का होईना, ते ऐकावे लागत होते.

यावर एक गंभीर आक्षेप येतो, आणि तो सेन-द्रेझ यांच्या तुलनेतूनच येतो: ओरडता येणाऱ्या दुष्काळात माणसे वाचतात, पण रोजच्या कुपोषणात निमूटपणे मरतात, मग तुमच्या ओरडण्याच्या स्वातंत्र्याची किंमत काय? या आक्षेपाला माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही. इतकेच म्हणता येते की निमूट मरणाविरुद्ध आवाज उठवण्याचा रस्ता इथे बुजवलेला नाही, आणि सोलापुरात तो ज्यांनी वापरला त्यांच्या हातात योगायोगाने लाल झेंडाच होता. विडी वळणाऱ्या बायका आणि यंत्रमागावरचे कामगार यांनी मोर्चे, अर्ज आणि विधानसभेतले प्रश्न या कंटाळवाण्या मार्गाने कुंभारीच्या माळावर विडी कामगारांसाठी दहा हजार घरांची गोदूताई परुळेकर वसाहत उभी करून घेतली. सत्ता बंदुकीच्या नळीतून जन्मते हे माओंचे सूत्र आणि कलकत्त्याच्या भिंतींवर एके काळी नक्षलवाद्यांनी रंगवलेली ‘चीनचे चेअरमन आमचे चेअरमन’ ही घोषणा यांच्यापेक्षा हा लाल झेंडा मला अधिक क्रांतिकारक वाटतो. नक्षलवादाची सविस्तर चर्चा इथे करत नाही. गडचिरोलीच्या आदिवासींनी दोन्ही बाजूंच्या बंदुकांचे काय भोगले, हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे.

तरुणपणीचे, सत्तेपूर्वी पक्षाचे मुख्य ठाणे असलेल्या येनानच्या गुहांतले माओ वेगळे होते आणि सत्तेने त्यांना बिघडवले, हा आणखी एक सोयीचा समज आहे, आणि कोटणीसांवर प्रेम करणाऱ्यांना तो विशेष हवासा वाटतो. मार्च १९४२ मध्ये, म्हणजे कोटणीस आघाडीवर जखमींवर शस्त्रक्रिया करत होते त्याच वर्षी, येनानमध्ये वांग शिवेई या लेखकाने एक लेख लिहून विचारले की समतेच्या या गावात जेवणाच्या पाच प्रती आणि कपड्यांचे तीन दर्जे कसे. त्याच्यावर खटलेवजा सभा भरवण्यात आल्या, त्याला कैद झाली आणि १९४७ मध्ये त्याला मारून टाकण्यात आले. कोठाराबद्दल प्रश्न विचारणाऱ्याचे काय करायचे हे १९५९ मध्ये नव्याने ठरवावे लागले नाही.

कोटणीसांना यातले काही दिसले असते का, हे विचारण्यात अर्थ नाही. वडील वारल्याची बातमी आली तरी ते परतले नाहीत. तिथेच काम करता करता वारलेले कॅनडाचे सर्जन नॉर्मन बेथ्यून यांच्या नावाच्या रुग्णालयाचे ते प्रमुख झाले. तिथल्याच गुओ छिंगलान यांच्याशी त्यांनी लग्न केले आणि मुलाचे नाव भारत-चीन या अर्थाने यिनहुआ ठेवले. जुलै १९४२ मध्ये ते पक्षाचे सभासदही झाले. त्यांनी शिवलेल्या जखमा जपानी गोळ्यांच्या होत्या, आणि त्या शिवण्याचे मोल ज्या पक्षासाठी त्या शिवल्या गेल्या त्याच्या पुढच्या वर्तनावर अवलंबून नाही. म्हणूनच माओंचा शोकसंदेश आपण कृतज्ञतेने जपावा आणि तो लिहिणाऱ्याच्या वकिलीसाठी मात्र वापरू नये. कोटणीसांच्या नावाने आपल्याला ऋणच मानायचे असेल तर ते ज्या माणसांत ते राबले त्यांचे मानावे. त्यांत झू दे येतात आणि पेंगही येतात.

सांस्कृतिक क्रांतीत रेड गार्डांनी, म्हणजे माओंच्या तरुण अनुयायांच्या टोळ्यांनी, पेंग यांना पेकिंगच्या रस्त्यांवरून फिरवले, मारहाण केली, आणि २९ नोव्हेंबर १९७४ रोजी ते कैदेतच मरण पावले. दामाजीपंतांच्या कथेत बिदरच्या खजिन्याने त्याच दिवशी पावती दिली आणि पंत मंगळवेढ्याला परतले. पेंग यांचे आरोप पक्षाने अधिकृतपणे मागे घेतले ते डिसेंबर १९७८ मध्ये. तेव्हा त्यांना जाऊन चार वर्षे झाली होती आणि माओंना दोन.